वाचकांचे प्रश्न : आत्मविश्वास आधी की काम आधी?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच तक्रारीभोवती फिरतात. उद्दिष्ट ठरते, चार दिवस उत्साहात जातात, मग खंड पडतो, आणि त्या खंडापेक्षाही ‘आपल्याला हे जमणारच नाही’ ही मनाची खात्री अधिक त्रास देते. त्यांतील चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. नावे पत्रलेखकांच्या इच्छेनुसार गाळली आहेत आणि मजकूर जागेअभावी थोडा आवरता घेतला आहे.

प्रश्न : मी ४१ वर्षांची असून कासारवडवलीला राहते. महापे येथील एका कंपनीच्या लेखा विभागात नोकरी करते. जीएसटीची विवरणपत्रे भरण्याचे काम गेली अनेक वर्षे माझ्याकडेच आहे. लग्नाच्या वेळी बी.कॉम.चे शेवटचे वर्ष राहून गेले. आता यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात प्रवेश घेतला आहे, पण पुस्तकांवरचे प्लास्टिकसुद्धा अजून निघालेले नाही. रोज रात्री ९ ते ११ अभ्यास करायचा, असे वेळापत्रक तीनदा केले आणि तीनदा मोडले. मिस्टर म्हणतात, ‘तू करशील गं.’ पण माझ्यात सातत्यच नाही, हे मला कळून चुकले आहे. आधी आत्मविश्वास कसा वाढवावा ते सांगा, म्हणजे अभ्यासाला बसता येईल.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : तुमच्या पत्रातील शेवटच्या वाक्यातला क्रम मला मान्य नाही. आत्मविश्वास आधी आणि अभ्यास नंतर, अशी वाट पाहत बसलात तर पुढील वर्षीही पुस्तकांवर प्लास्टिक तसेच राहील. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये ‘हे मी करू शकेन’ ही जाणीव माणसात कशी तयार होते याचा सिद्धान्त मांडला. त्यांनी तिचे चार स्रोत सांगितले : एखादे काम स्वतः पार पाडल्याचा अनुभव, आपल्यासारख्याच कोणाला तरी ते पार पाडताना पाहणे, इतरांनी दिलेला धीर, आणि त्या क्षणीची आपली शारीरिक व मानसिक अवस्था. यांत सर्वांत प्रभावी ठरतो तो पहिला. धीराच्या शब्दांचा परिणाम त्या मानाने अल्पजीवी असतो, कारण पुढच्याच अपयशासरशी तो पुसला जातो. मिस्टरांचे ‘तू करशील गं’ मनापासूनचे असेल, तरी ते तुम्हाला आतून पटत नाही यात तुमचा दोष नाही. त्या वाक्याला आधार देणारा पुरावा अद्याप तुमच्या हाती नाही, एवढेच.

चौथ्या स्रोताकडे मात्र तुम्ही बारकाईने पाहावे. रात्री ९ म्हणजे कोणती वेळ? संध्याकाळी महाप्याहून निघून, घणसोलीला ट्रान्स हार्बरची गाडी पकडून ठाण्याला उतरायचे, बसच्या रांगेत उभे राहायचे, माजिवडा आणि मानपाड्याच्या कोंडीत अडकायचे, घरी येऊन स्वयंपाक आवरायचा आणि मग पुस्तक उघडायचे. त्या वेळी डोळे मिटू लागतात आणि एकच परिच्छेद तीनदा वाचावा लागतो. हा थकवा आहे, पण मन त्याचा अर्थ ‘माझ्यात कुवत नाही’ असा लावते. वेळापत्रक तीनदा मोडले हे खरे; मात्र तिन्ही वेळा ते दिवसाच्या त्याच मोडक्या टोकाला बांधलेले होते.

‘माझ्यात सातत्य नाही’ हे विधान तर तुमच्याच पत्रातील माहितीशी जुळत नाही. दर महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ आणि २० तारखेपर्यंत जीएसटीआर-३बी ही विवरणपत्रे भरायची, हे चक्र वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्या व्यक्तीत सातत्य नसते, असे मी तरी म्हणणार नाही. तेथे ते टिकते, कारण तारीख ठरलेली असते, काम नेमके असते, पोर्टल उघडल्यावर पुढे काय करायचे याचा विचार करावा लागत नाही आणि उशीर झाला तर विलंब शुल्क भरावे लागते. ‘अभ्यास करणे’ या कामाला यांपैकी काहीच नाही. म्हणून प्रश्न स्वभावाचा कमी आणि कामाच्या मांडणीचा जास्त आहे, असे मी समजतो.

ती मांडणी अशी करून पाहा. पहिल्या रविवारी अभ्यास करू नका. पुस्तकांचे प्लास्टिक काढा, त्यांतील एकच विषय निवडा आणि तो, शक्यतो ज्यात तुमचा हात रोजच्या नोकरीमुळे बसलेला आहे असा, म्हणजे लेखाशास्त्राशी संबंधित असू द्या. ते पुस्तक झेरॉक्सवाल्याकडे नेऊन त्याची बाइंडिंग सोडवा आणि घटकांनुसार वेगवेगळ्या पातळ स्पायरल करून घ्या. पुस्तक फाडायला जीव होत नाही, हे मला माहीत आहे. आपल्याकडे पुस्तकाला पाय लागला तरी नमस्कार करतात. तरीही करा. जाडजूड ग्रंथ पर्समध्ये मावत नाही, उभ्याने धरता येत नाही आणि तो उघडण्याआधीच त्याच्या जाडीने मन खचते. पंचवीस-तीस पानांची वही मात्र गाडीत एका हातात राहते आणि ती संपल्याचे डोळ्यांना दिसते.

त्यानंतर वेळ ठरवू नका, प्रसंग ठरवा. तुमच्यासारख्या घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्या माणसाने घड्याळाच्या भरवशावर सवय लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तीच बस एक दिवस पाऊण तासात पोहोचते आणि दुसऱ्या दिवशी पावणेदोन तासांत. उलट काही गोष्टी वेळ कोणतीही असली तरी रोज घडतात. तुम्ही घरी येता, डबा सिंकमध्ये टाकता, हातपाय धुता आणि चहा ठेवता. चहा उकळेपर्यंतची ती मिनिटे घ्या. ओट्याशेजारी पेन्सिल अडकवलेली स्पायरल ठेवा, आणि चहा ठेवला की एक उदाहरण सोडवा. तेही जड गेले तर उदाहरणाची फक्त पहिली पायरी, म्हणजे दिलेले आकडे नीट कोष्टकात मांडणे. याहून मोठे लक्ष्य पहिले काही आठवडे ठेवू नका. कामाचा आकार इतका लहान हवा की ज्या दिवशी सासूबाईंना ताप आहे, गॅस संपला आहे आणि लोकल उशिरा आली आहे, त्या दिवशीही ते होऊन जाईल. चांगल्या दिवशी किती करता येईल, यावरून आपण नेहमी ठरवतो. वाईट दिवसावरून ठरवायला हवे.

याबरोबर वरची मर्यादाही पाळा, असा माझा आग्रह आहे. रविवारी स्फुरण चढून चार तास बसणे आणि सोमवारी त्याच मापाने स्वतःला तोलणे, हा उत्साही माणसांचा नेहमीचा घात आहे. पहिल्या महिन्यात रविवारीही अर्ध्या तासानंतर उठा, मन रमले असले तरी उठा.

नोंद ठेवायला वेगळी डायरी किंवा ॲप नको. स्वयंपाकघरात कालनिर्णय असेलच. ज्या चौकटीत दुधाचा हिशेब लिहिता, त्याच चौकटीच्या कोपऱ्यात एक टिंब द्या. दोन महिन्यांनी मन पुन्हा म्हणेल, ‘तू काहीच धड पूर्ण करत नाहीस.’ त्याच्याशी वाद घालू नका. पाने उलटा आणि टिंबे मोजा. तुम्ही लेखा विभागातील आहात; ताळेबंद भावनेवर लिहीत नाहीत, हे तुम्हाला मी सांगण्याची गरज नाही.

आता एक कटू हिशेब. रोज दहा मिनिटे याप्रमाणे ३०० दिवसांचे ५० तास होतात, आणि तेवढ्यात वर्षाचे सगळे विषय होणार नाहीत. लहान सवयींचे गुणगान करणारे बहुतेक लेख हा आकडा सांगत नाहीत. रोजच्या दहा मिनिटांनी पदवी मिळत नाही. त्यांनी पुस्तकाची भीती जाते आणि अभ्यासाशी रोजचा संबंध राहतो. ती भीती गेल्यावर, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून, शनिवार-रविवारचे मोठे तास जोडावे लागतील आणि घरातल्यांना त्या तासांपुरती कामे वाटून द्यावी लागतील; ‘तू करशील गं’ म्हणणाऱ्यांना रविवारची भाजी चिरायला सांगणे हा त्या धीराचा उत्तम उपयोग आहे. सगळे विषय एकदम द्यायचे की काही पुढील परीक्षेसाठी ठेवता येतात, हे तुमच्या अभ्यासकेंद्रात आताच विचारून घ्या. केंद्रात गेलात की तुमच्याच वयाची, नोकरी करून परीक्षा देणारी एखादी व्यक्ती गाठा. बांडुरांच्या दुसऱ्या स्रोतासाठी गुणवत्ता यादीतील मुलांचा काही उपयोग नसतो. तेथे आपल्यासारखेच कोणीतरी लागते.

प्रश्न : वय ६४, निवृत्त. साखर सीमारेषेवर असल्याने डॉक्टरांनी चालायला सांगितले. नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबई या तलावाकाठी रोज पहाटे जाऊ लागलो. २१ दिवसांत सवय लागते असे ऐकले होते, म्हणून दिवस मोजत होतो. १९ दिवस झाले आणि पावसात भिजून ताप आला. आठवडा घरीच गेला. आता पुन्हा पहिल्यापासून मोजायचे का? खरे सांगायचे तर, आता माझ्याने होईल असे वाटत नाही.
— एक ज्येष्ठ वाचक, नवी मुंबई

उत्तर : मोजणेच सोडून द्या, कारण २१ हा आकडा सवयीचा नव्हेच. त्याचे मूळ बहुधा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधील लिखाणात सापडते. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आपल्या बदललेल्या चेहऱ्याशी जुळवून घ्यायला साधारणपणे किमान २१ दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. पुढे सांगणाऱ्यांनी ‘किमान’ गाळले, चेहराही गाळला आणि २१ दिवस तेवढे ठेवले.

प्रत्यक्ष मोजमाप लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. ते २०१० मध्ये छापून आले. ९६ जणांनी खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एकेक नवी कृती निवडली आणि ती रोज एका ठरलेल्या प्रसंगानंतर, उदाहरणार्थ न्याहारीनंतर, १२ आठवडे केली. ती कृती विचार न करता आपोआप घडू लागण्यास लागलेला काळ १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत पसरला होता आणि मध्यक ६६ दिवसांचा होता. यांतील मोठे आकडे १२ आठवड्यांच्या नोंदींवरून पुढे ताणून काढलेले अंदाज आहेत, तरीही २१ दिवसांत सगळ्यांचे होते हे त्यातून नक्कीच दिसत नाही. व्यायामाला पाणी पिण्यासारख्या सोप्या कृतीपेक्षा अधिक काळ लागला. तुमच्या कामाची गोष्ट अशी की, एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेवर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही.

तुमचा एक दिवस नव्हे, आठवडा चुकला आहे, म्हणून हा निष्कर्ष जसाच्या तसा तुम्हाला लावणार नाही. पण आजारपणातील विश्रांतीला अपयश म्हणणेही योग्य नाही. ताप उतरल्यावर डॉक्टरांना विचारून पहिले चार-पाच दिवस तलावाला पूर्ण फेरी मारण्याचा हट्ट न धरता, तेथपर्यंत जाऊन दहा मिनिटांत परत या. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम सुचवते. ते माप आठवड्याचे आहे, त्यामुळे एक-दोन दिवस बुडाले म्हणून आठवडा बुडत नाही.

पाऊस मात्र पुन्हा येणार आहे, तेव्हा त्याचा निर्णय आजच करून ठेवा. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये दाखवून दिले की, नुसता संकल्प करण्यापेक्षा ‘अमुक घडले तर मी तमुक करीन’ असे आधीच ठरवून ठेवले तर संकल्प प्रत्यक्षात येण्याची शक्यता वाढते. तुमच्यासाठी ते वाक्य असे होईल : पहाटे पाऊस असेल, तर मी इमारतीखालच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये वीस मिनिटे फेऱ्या मारीन. वॉचमनला आदल्या दिवशी सांगून ठेवा, म्हणजे तो पहाटे दचकणार नाही.

प्रश्न : मी कळव्याला राहते, स्पर्धा परीक्षेची तयारी करते. दोनदा पूर्वपरीक्षेत नापास झाले. गेल्या दीड-दोन महिन्यांपासून पहाटे तीनला जाग येते, जेवण जात नाही, पुस्तक उघडले की रडू येते. सगळ्यांवर ओझे झाल्यासारखे वाटते. कोणत्या छोट्या सवयींनी पुन्हा उभी राहीन?
— एक विद्यार्थिनी, ठाणे

उत्तर : या पत्राला सवयींचे उत्तर देणे चुकीचे होईल. झोप, भूक आणि मन यांची तुम्ही सांगितलेली अवस्था दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर ती डॉक्टरांनी तपासायला हवी. ती आळसाची किंवा कमकुवत निर्धाराची खूण नव्हे. १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा निःशुल्क क्रमांक आहे, तो अहोरात्र चालू असतो आणि तेथे मराठीत बोलता येते. आजच फोन करा. ओझे झाल्याची भावना ‘मी नसलेलेच बरे’ येथपर्यंत जात असेल, तर एकट्या राहू नका, घरातील एका माणसाला लगेच सांगा आणि सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा. ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग आहे. त्या नावाला घाबरून लोक तेथे जायचे टाळतात, तसे तुम्ही करू नये. परीक्षेबद्दलचा निर्णय बरे वाटू लागेपर्यंत थांबू शकतो. तुम्हाला इच्छा झाली तर नंतर मला जरूर पुन्हा लिहा.

प्रश्न : वय २९. कोपरखैरण्यात मोबाइल दुरुस्तीचे छोटे दुकान आहे, गाळा भाड्याचा आहे. मोठ्या गाळ्याच्या डिपॉझिटसाठी पैसे साठवायचे आहेत. रोज रात्री गल्ल्यातून २०० रुपये बाजूला काढायचे ठरवतो, आठवड्याभरात तेच पैसे स्पेअर पार्ट्सला किंवा मित्रांबरोबर जातात. आता माझा माझ्यावरच विश्वास राहिलेला नाही.
— एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : मग स्वतःवर विश्वास टाकणारी योजना करूच नका. प्रत्येक उद्दिष्टासाठी सवय लावावी लागते असे नाही. काही बाबतींत एकदाच घेतलेला निर्णय सवयीचे काम करतो. तुमच्या सध्याच्या पद्धतीत रोज रात्री नव्याने मनाशी झगडावे लागते, आणि काढलेले पैसे पुन्हा हाताशीच राहतात. अशा झगड्यात हरणारा माणूस दुर्बळ असतो असे मी मानत नाही.

जुन्या बाजारपेठांतील दुकानदारांनी हा प्रश्न पिग्मीने सोडवला होता. एजंट रोज संध्याकाळी पायरीवर येऊन उभा राहायचा, पन्नास-शंभर रुपये घेऊन पावती फाडायचा, आणि शेजारच्या दुकानदारासमोर ‘आज नाही’ म्हणायला संकोच वाटायचा. ही सोय आजही अनेक ठिकाणी आहे. मात्र सहकारी बँक आणि पतसंस्था यांतील फरक नीट लक्षात ठेवा : बँकेतील ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत विमा संरक्षण असते, पतसंस्थेतील ठेवींना ते नसते. दारात येणारा एजंट कोणत्या संस्थेचा आहे, हे पासबुकावर वाचून मगच सुरुवात करा.

दुसरा मार्ग टपाल खात्याच्या आवर्ती ठेवीचा आहे. ती दरमहा किमान १०० रुपयांपासून उघडता येते आणि तिची मुदत ५ वर्षांची असते. हप्ता चुकला तर शंभर रुपयांमागे १ रुपया दंड लागतो. सलग चार हप्ते चुकले तर खाते खंडित होते, आणि ते पुन्हा सुरू करण्यासाठी दोन महिन्यांचीच मुदत मिळते. तुमच्यासारख्या कमी-जास्त धंद्याच्या माणसाने म्हणूनच हप्ता लहान ठेवावा. त्याच्या जोडीला एक वेगळे बचत खाते उघडा, त्याला यूपीआय जोडू नका, एटीएम कार्ड घरी आईकडे द्या, आणि चांगल्या दिवसाची जादा रक्कम तेथे टाका. स्पेअर पार्ट्सचे पैसे ही बचत नसून खेळते भांडवल आहे, तेव्हा ते गल्ल्यातच वेगळ्या पाकिटात ठेवा; दोन्ही एकत्र राहिल्यामुळेच तुमचे २०० रुपये दर वेळी ‘नाइलाजाने’ जातात.

हप्ता किती ठेवावा, हे उत्पन्नाच्या सरासरीवरून काढू नका. दुकानाची वही किंवा यूपीआयचा इतिहास उघडा, गेल्या वर्षातील सर्वांत मंदीचा महिना शोधा, आणि भाडे, वीजबिल व घरखर्च वजा जाता त्या महिन्यात जेवढे शिल्लक राहिले असते तेवढ्याच रकमेचा हप्ता बांधा, मग तो ३०० रुपयांचा निघाला तरी चालेल.